पैसे घेऊन खेळणारी पहिली लीग: आइस हॉकीचा १९०४-०५ चा हंगाम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवरात बोटासारखा घुसलेला किविनॉ नावाचा द्वीपकल्प आहे. तिथल्या हॉटन गावात शिकायला होतो तेव्हा मी काही हिवाळे काढले. पुण्याहून गेलेल्या माणसाला आइस हॉकीतलं काय कळणार? पण त्या गावात हिवाळ्यात दुसरं काही करायचंच नसतं, त्यामुळे खेळ बघत गेलो, आणि मग त्याच्या इतिहासात अडकलो. आइस हॉकीतली पहिली उघडपणे व्यावसायिक लीग याच भागात उभी राहिली. ओळखीच्या लोकांना हे सांगितलं की ठरलेले प्रश्न येतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

ही लीग नेमकी कोणती?

इंटरनॅशनल प्रोफेशनल हॉकी लीग. १९०४ च्या हिवाळ्यात सुरू झाली, तीन हंगाम चालली आणि १९०७ मध्ये बंद पडली. खेळाडूंना पैसे देतो हे न लपवता, नावातच ‘प्रोफेशनल’ घालून चाललेली ही आइस हॉकीतली पहिली लीग. आज जगभर गाजणारी एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) १९१७ ची, म्हणजे हिच्यापेक्षा तेरा वर्षांनी धाकटी.

‘इंटरनॅशनल’ हा शब्द भारदस्त वाटतो, पण त्यात खोटं काही नव्हतं. पाच संघांपैकी चार अमेरिकेतले होते, एक कॅनडातला.

हॉकी म्हणजे आपली हॉकीच ना?

नाही. आपण हॉकी म्हटलं की डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात, गवताचं किंवा टर्फचं मैदान येतं. इथे पायात स्केट्स, खाली बर्फ आणि चेंडूच्या जागी ‘पक’ नावाची कडक रबराची चकती. अमेरिकेत आणि कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं तर लोक हाच खेळ समजतात.

पाच संघ कुठले होते?

हॉटनचा पोर्टेज लेक्स. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या कॅल्युमेटचा मायनर्स, म्हणजे अक्षरशः ‘खाणकामगार’. मग सू सेंट मरी नावाची दोन जुळी गावं, नदीच्या अलीकडे मिशिगन, पलीकडे ऑन्टॅरिओ. दोन्हींना लोक लाडाने ‘सू’ म्हणतात, म्हणून संघही अमेरिकन सू आणि कॅनेडियन सू. पाचवा संघ पोलादाच्या पिट्सबर्गचा.

पिट्सबर्ग सोडलं तर बाकी सगळी लहान गावं. न्यूयॉर्क नाही, मॉन्ट्रियल नाही, टोरांटो तर नाहीच नाही. मला या लीगचं सगळ्यात जास्त अप्रूप याचंच वाटतं.

एवढ्याशा गावांकडे पगारी खेळाडू ठेवायला पैसा कुठून आला?

जमिनीखालून. किविनॉच्या पोटात शुद्ध धातूच्या रूपातलं तांबं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे खाणी निघाल्या आणि त्या टापूचं नावच ‘कॉपर कंट्री’ पडलं. कॅल्युमेट अँड हेक्ला ही कंपनी त्या काळातल्या सर्वांत श्रीमंत खाण कंपन्यांपैकी एक होती. अमेरिकेत विजेच्या तारा पसरत होत्या, तारांना तांबं लागत होतं आणि ते इथून जात होतं.

खाणींपाठोपाठ माणसं आली. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून, फिनलंडमधून, इटलीतून, क्रोएशियातून. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी आणलेली ‘पास्टी’ (आपल्या करंजीची थोरली बहीण म्हणा, आत मांस आणि बटाटा) आजही तिथल्या दुकानांत गरमागरम मिळते. दिवसभर जमिनीखाली राबलेल्या या माणसांच्या हातात थोडे पैसे होते, हिवाळा सहा महिन्यांचा होता आणि संध्याकाळी जायला जागा हवी होती. तिकिटं खपायला आणखी काय लागतं?

म्हणतात की हे सगळं एका दंतवैद्याने सुरू केलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि त्यांची गोष्ट जरा निवांत सांगण्यासारखी आहे.

जॉन गिब्सन, सगळे त्यांना ‘डॉक’ म्हणायचे. जन्म १८७९ चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या बर्लिन गावचा. (पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नको झालं म्हणून १९१६ मध्ये त्या गावाचं किचनर झालं.) पोरसवदा वयात गिब्सन गावच्या संघातून खेळायचे. १८९८ च्या सुमारास बर्लिनने शेजारच्या वॉटर्लू गावाला हरवलं. ही दोन गावं म्हणजे एकमेकांची हाडवैरी. बर्लिनचा महापौर इतका खूश झाला की त्याने प्रत्येक खेळाडूच्या हातावर दहा डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवलं.

बस्स, एवढंच झालं. तिथला हौशी, म्हणजे बिनपैशाचा खेळ चालवणाऱ्या ऑन्टॅरिओ हॉकी असोसिएशनने त्या नाण्यांना मोबदला ठरवलं आणि अख्खा संघ बाहेर काढला. जत्रेतल्या कुस्तीत जिंकलेल्या पैलवानाच्या डोक्याला गावाने फेटा बांधावा आणि त्यावरून त्याची कुस्तीच बंद करावी, तसा हा प्रकार.

गिब्सन पुढे डेट्रॉइटला दंतवैद्यकी शिकले आणि दवाखाना थाटायला हॉटनला आले. दात काढता काढता त्यांनी पोर्टेज लेक्सचा संघ बांधला. जेम्स डी नावाचा गावातला व्यापारी पैसा आणि व्यवहार बघायला पाठीशी उभा राहिला. १९०३-०४ च्या हंगामात या संघाने २६ पैकी २४ सामने जिंकले, २७३ गोल केले आणि फक्त ४८ खाल्ले. मार्च १९०४ मध्ये मॉन्ट्रियलचा वाँडरर्स हा नामांकित संघ हॉटनला आला, तोही हरून गेला. मग गिब्सन आणि डी यांनी त्याच वर्षी आसपासच्या गावांना जोडून रीतसर लीगच उभी केली.

ज्या माणसाला कोवळ्या वयात एका सोन्याच्या नाण्यापायी बाहेर काढलं, त्याने सहा-सात वर्षांत पैसे देणारी लीग उभारली. गिब्सन यांना १९७६ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, स्थान मिळालं. ते १९५४ मध्येच वारले होते.

त्याआधी खेळाडूंना पैसे मिळतच नव्हते का?

मिळायचे की! फक्त टेबलाखालून. सामना संपला की पाकीट, कुठल्या तरी कारखान्यात नावापुरती नोकरी, कधी कुणाचं घरभाडं परस्पर भरलेलं. पिट्सबर्गमधल्या स्थानिक लीगमध्ये तर १९०० नंतर लगेचच खेळाडूंना पैसे देणं सुरू होतं आणि कॅनडातली पोरं त्यासाठीच तिकडे उतरत होती.

कॅनडातल्या संघटनांचा मात्र हौशीपणाचा सोवळेपणा कडक होता. ऑन्टॅरिओ असोसिएशनचे अध्यक्ष जॉन रॉस रॉबर्टसन हे टोरांटोतल्या एका वृत्तपत्राचे मालक. खेळातून पैसा कमावणं म्हणजे खेळ बाटणं, हे त्यांचं ठाम मत. ते प्रामाणिक गृहस्थ होते, याबद्दल मला शंका नाही. पण स्वतः छापखान्याचा मालक असलेल्या माणसाने हे म्हणणं आणि हिवाळाभर कामावर खाडे करून खेळणाऱ्या पोराने ते ऐकणं, यांत फार अंतर आहे. ‘हौशी’ राहायला आधी घरची चूल पेटलेली असावी लागते.

असोसिएशनचा नियम असाही होता की व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध खेळलात तर तुम्हीही बाटलात. कॅनेडियन सू या लीगमध्ये का आला, याचं उत्तर यातच आहे. हॉटनविरुद्ध खेळल्याबद्दल त्यांना आधीच बाहेर काढलं होतं. दार बंद झालंच होतं, मग लपवायचं कशाला?

तेव्हाचा खेळ आजच्यासारखाच होता का?

आजचा प्रेक्षक बघेल तर गोंधळून जाईल.

एका बाजूला सात खेळाडू असत, आज सहा असतात. सातवा ‘रोव्हर’, म्हणजे भटक्या. त्याला ठरलेली जागा नाही, बचावात हवा तेव्हा बचावात, चढाईत हवा तेव्हा चढाईत. संघातला सगळ्यात चपळ, दमदार माणूस सहसा या जागी असे. बचावातले दोघे आजच्यासारखे शेजारी-शेजारी न राहता एकामागे एक उभे राहत. पुढच्याला ‘कव्हर पॉइंट’ म्हणत, मागच्याला ‘पॉइंट’.

पुढे पास द्यायला बंदी होती. रग्बीसारखं, पक मागे किंवा आडवाच द्यायचा. त्यामुळे पक काठीला चिकटवून, एकामागून एक माणसाला चकवत पुढे सरकणं हीच खरी कला. अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन डाव, आणि जे सात उतरले तेच शेवटपर्यंत खेळणार. बदली खेळाडू नाही. कुणी जायबंदी होऊन बाहेर गेला, तर पुष्कळदा समोरचा संघही आपला एक गडी काढून घेई.

गोलरक्षकाने बर्फावर आडवं पडायचं नाही, उभ्यानेच पक अडवायचा. हेल्मेट नाही, चेहऱ्यावर जाळी नाही. अंगात लोकरीचा स्वेटर आणि नडग्यांवर पट्ट्या, की झाली तयारी. तासभर न थांबता, न बदलता, स्केट्सवर. मी एकदा मित्रांबरोबर हौसेने रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, उतरलो होतो. दहाव्या मिनिटाला मांड्या दगडासारख्या झाल्या आणि कठडा धरून उभा राहिलो. तेव्हापासून १९०४ च्या त्या सात जणांबद्दलचा माझा आदर कायमचा वाढला.

पहिल्या हंगामात काय झालं? कोण जिंकलं?

प्रत्येक संघ २४ सामने खेळला. सगळ्यांना वाटत होतं पोर्टेज लेक्सच जिंकणार. आदल्या वर्षीचा दबदबा होता, लीगही त्यांच्याच पुढाकाराने निघालेली. जिंकलं मात्र कॅल्युमेट: १८ विजय, ५ पराभव, १ बरोबरी. पोर्टेज लेक्स दुसरे, १५ विजय, ७ पराभव, २ बरोबरी. त्याखाली अमेरिकन सू (१० विजय), पिट्सबर्ग (८) आणि तळाशी कॅनेडियन सू (६).

पुढच्या दोन्ही हंगामांत, १९०६ आणि १९०७ मध्ये, पोर्टेज लेक्सने विजेतेपद घेतलं. कॅनेडियन सूची १९०५-०६ मधली अवस्था बघवत नाही: २४ सामने, १ विजय, २३ पराभव. तरी त्या गावाने पुढच्या वर्षी पुन्हा संघ उतरवला आणि तो चांगला झुंजला. मला त्या गावाचं कौतुक विजेत्यांइतकंच वाटतं.

कॅल्युमेटने बाजी कशी मारली?

एका माणसाच्या जोरावर, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. हॉड स्टुअर्ट.

ओटावाचा हा बचावपटू त्या काळातला सर्वोत्तम मानला जायचा. उंच, धिप्पाड आणि तरी स्केट्सवर हलका. आधी तो हॉटनकडूनच खेळायचा, त्याचा धाकटा भाऊ ब्रूसही तिथेच होता. लीग सुरू झाली तेव्हा कॅल्युमेटने हॉडला खेळाडू, कर्णधार आणि व्यवस्थापक अशा तिहेरी जबाबदारीसाठी हंगामाला सुमारे १,८०० डॉलर देऊन फोडलं. ब्रूस हॉटनलाच राहिला.

म्हणजे पहिल्या हंगामात चित्र असं: वीस किलोमीटरवरची दोन गावं, विजेतेपदाची चुरस त्यांच्यातच, आणि एका बाजूला थोरला भाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटा. दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्या हिवाळ्यात त्यांच्या आईवडिलांनी कुणाच्या बाजूने देव पाण्यात ठेवले असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

डिसेंबर १९०५ मध्ये बाकीच्या संघांनी तक्रार केली की हा माणूस ज्याच्याकडे असतो तोच जिंकतो, आणि खेळतोही आडदांडपणे. लीगने त्याला निलंबित केलं. पुढे तो पिट्सबर्गकडून खेळला. १९०६-०७ च्या मोसमात लीग मध्येच सोडून तो मॉन्ट्रियल वाँडरर्सकडे गेला आणि मार्च १९०७ मध्ये त्यांच्याबरोबर स्टॅनले कप, म्हणजे आइस हॉकीतला सर्वांत मानाचा चषक, जिंकला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, २३ जून १९०७ रोजी, ऑन्टॅरिओतल्या बेलव्हिल गावाजवळ तो पोहायला गेला. दीपगृहापाशी सूर मारला. खाली पाणी उथळ होतं आणि खडक होते. तिशीही न गाठलेला हा माणूस जागीच गेला. मागे राहिलेल्या बायकामुलांसाठी २ जानेवारी १९०८ रोजी मॉन्ट्रियलमध्ये मदतीचा सामना भरवला गेला, वाँडरर्स विरुद्ध बाकी संघांतले निवडक खेळाडू. हॉकीतला पहिला ‘ऑल-स्टार’ सामना म्हणून तोच ओळखला जातो. १९४५ मध्ये हॉल ऑफ फेमची पहिली यादी लागली, त्यात हॉडचं नाव होतं.

इतरांना किती पैसे मिळत?

हॉड हा अपवाद. बहुतेकांना आठवड्याला साधारण १५ ते ४० डॉलर मिळत. आज हा आकडा किरकोळ वाटतो. पण त्याच गावात खाणीत जाणाऱ्या कामगाराच्या हातात दिवसभराच्या घामाचे तीन डॉलरसुद्धा पडत नव्हते. पोराबाळांच्या घराला हा फरक फार मोठा होता.

बर्फ कुठला? यंत्राने गोठवलेला की नैसर्गिक?

पिट्सबर्गच्या ड्यूकेन गार्डनमध्ये कृत्रिम बर्फ होता. ही मूळची ट्राम ठेवण्याची शेड, १८९९ मध्ये तिचं रिंक केलं. बाकी ठिकाणी देवाने दिलेला बर्फ: मोठ्या लाकडी कोठारासारखी इमारत बांधायची, आत पाणी सोडायचं, थंडी आत येऊ द्यायची, की रात्रीत मैदान तयार.

हॉटनचं अँफिड्रोम डिसेंबर १९०२ मध्ये कालव्याच्या काठावर उभं राहिलं. कॅल्युमेटकरांनी शेजारच्या लॉरियममध्ये १९०४ मध्ये पॅलेस्ट्रा बांधलं. हॉटनवाल्यांकडे आहे, मग आपल्याकडे त्याहून सरस हवं, ही ईर्ष्या होतीच. पॅलेस्ट्राचं पुढे जे झालं ते फार लोकांना ठाऊक नसतं: १९२१ मध्ये अख्खी इमारत उकलून मार्केट (Marquette) नावाच्या शहरात नेली आणि तिथे पुन्हा उभी केली.

थंडीची तिथे कधी चणचण नव्हती. द्वीपकल्पावर रस्त्याच्या कडेला बर्फ मोजायची एक उंच पट्टी उभी आहे, झाडाएवढी. वर सगळ्यात उंच खूण १९७८-७९ च्या हिवाळ्याची, ३९०.४ इंच. पहिल्यांदा तिच्याखाली उभा राहिलो तेव्हा मान दुखेपर्यंत वर बघत होतो.

संघ प्रवास कसा करायचे?

रेल्वेने. हॉटन-कॅल्युमेट हा शेजारधर्म, सामना बघायला प्रेक्षकसुद्धा गाडीने जाऊन रात्री परत येत. सू गावांपर्यंत मात्र बर्फातून लांबचा पल्ला, आणि पिट्सबर्ग तर हजार किलोमीटरहून दूर. वादळात गाडी अडकली की सामना पुढे. लीगच्या खर्चात हा प्रवास कायम टोचत राहिला.

सायक्लोन टेलर याच लीगमध्ये खेळला का?

हो, पहिल्या नाही, दुसऱ्या हंगामात. फ्रेड टेलर, ऑन्टॅरिओतला तरणाबांड पोरगा, वाऱ्यासारखा पळणारा. (‘सायक्लोन’ हे नाव नंतरचं, ओटावाला गेल्यावर पडलं.) टोरांटोच्या एका संघाने बोलावलं, हा नाही म्हणाला. एवढ्यावरून असोसिएशनने त्याला ऑन्टॅरिओत कुठेच खेळू दिलं नाही. ऐन उमेदीचा एक अख्खा हिवाळा वाया गेला. मग तो मॅनिटोबाला गेला आणि १९०६ च्या सुरुवातीला हॉटनहून निरोप आला: ४०० डॉलर आणि वरचा खर्च. तो आला आणि पहिल्याच सहा सामन्यांत ११ गोल करून बसला.

हौशीपणाच्या रखवालदारांनीच कॅनडातली उत्तम पोरं अशी एकेक करून या लीगच्या पदरात टाकली.

खेळ फार दांडगा होता असं वाचलंय.

होता. काठ्या डोक्यात बसत, रक्त सांडे, पंच फारसं मनावर घेत नसत. ‘बॅड’ जो हॉल १९०५-०६ मध्ये पोर्टेज लेक्सकडून खेळला, त्याचं टोपणनावच पुरेसं बोलकं आहे. पण त्याच जो हॉलचा शेवट आठवला की ‘बॅड’ म्हणवत नाही. १९१९ मध्ये स्टॅनले कपच्या अंतिम लढतीसाठी तो मॉन्ट्रियल कॅनेडियन्सबरोबर सिअॅटलला गेला असताना इन्फ्लुएन्झाच्या साथीने संघ आजारी पडला. मालिका अर्धवट सोडावी लागली आणि हॉल काही दिवसांत तिथेच वारला. त्या वर्षी कप कुणालाच दिला गेला नाही.

एवढे चांगले खेळाडू होते, मग यातला एकही संघ स्टॅनले कप का खेळला नाही?

कारण कप तेव्हा कॅनडाच्या हौशी संघांचा मानला जायचा. ज्या खेळाडूंना पंक्तीतून उठवलं, त्यांच्याबरोबर पानाला पान लावून बसायला तिकडचे संघ तयार नव्हते. सामना झाला असता तर? १९०४ मध्ये हॉटनने वाँडरर्सना हरवलं होतं, एवढं लक्षात ठेवावं.

लीग बंद का पडली?

दोन कारणं, आणि दोन्ही एकाच वर्षी अंगावर आली.

पहिलं, कॅनडा शहाणा झाला. १९०६-०७ च्या हंगामात तिथल्या पूर्वेकडच्या मुख्य लीगने व्यावसायिक खेळाडूंना हौशींबरोबर खेळायची मुभा दिली. वाँडरर्ससारख्या संघांनी उघडपणे पैसे मोजायला सुरुवात केली. घराजवळ, आपल्या माणसांत राहून तेवढेच पैसे मिळत असतील तर सुपीरियर सरोवराच्या काठी गोठायला कोण जाईल? हॉड स्टुअर्ट गेला, गोलरक्षक रायली हर्न गेला, पाठोपाठ बाकीचे.

दुसरं, तांबं पडलं. १९०७ मध्ये तांब्याचा भाव वर्षाच्या आतच निम्म्याच्या आसपास आला. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेत मोठी आर्थिक घबराट उसळली, बँकांपुढे रांगा लागल्या, आणि तिची ठिणगीही एका तांबे कंपनीचे शेअर कोंडीत पकडण्याच्या फसलेल्या डावातूनच पडली. ज्या धातूने लीग उभी केली त्यानेच तिचे पाय ओढले. १९०७ चा हिवाळा आला, पण लीग पुन्हा सुरू झाली नाही.

मग हिला ‘मायनर’ लीग म्हणायचं की नाही?

नोंदवह्यांत कधी असं, कधी तसं सापडतं. गावांचा आकार, तीन वर्षांचं आयुष्य आणि कप नाही, एवढंच बघितलं तर मायनर. पण खेळाडू बघा. जॅक लाव्हिओलेट आणि दिदिए पित्रे अमेरिकन सूकडून खेळले, न्यूझी लालोंद शेवटच्या हंगामात कॅनेडियन सूकडून. १९०९ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा संघ निघाला, तेव्हा त्याची बांधणी लाव्हिओलेटकडे सोपवली गेली आणि त्याने सगळ्यात आधी करारबद्ध केला तो पित्रेला. लालोंदही तिथे आला. आज जगातल्या सर्वांत नावाजलेल्या हॉकी संघाच्या पायात सू गावांचे दगड आहेत. या लीगच्या बर्फावर घासलेले निदान दहा जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. माझ्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे: त्या तीन हिवाळ्यांत यापेक्षा वरची लीग कुठे होती, ते दाखवा.

आज तिथे गेलं तर काय बघायला मिळेल?

अँफिड्रोम १९२७ च्या जानेवारीत जळालं. त्याच जागी, त्याच वर्षी नवी इमारत उभी राहिली आणि पुढे तिला जेम्स डी यांचं नाव मिळालं. डी स्टेडियम आजही कालव्याच्या काठावर आहे. आत जुने फोटो लावलेले आहेत. दोन्ही हात छातीवर बांधलेले, मिशा पिळलेले, सरळ कॅमेऱ्यात बघणारे सात-आठ तरुण.

कॅल्युमेटमध्ये १९१३ चं कॉलोसियम आहे, अजून वापरात असलेल्या सर्वांत जुन्या बंदिस्त रिंकांपैकी एक. आणि डॉक गिब्सन यांच्या नावाचा गिब्सन कप आहे: हॉटनच्या बाजूचा पोर्टेज लेक पायोनियर्स आणि कॅल्युमेट वुल्व्हरिन्स यांच्यात दर हिवाळ्यात खेळला जातो. जमलं तर त्यातला सामना बघा, आणि कॅल्युमेटमध्ये बघा.

मी बघितला तेव्हा बाहेर उणे अठरा होतं आणि आत त्याहून फार बरं नव्हतं. लाकडी बाकावर शेजारी एक आजी गुडघ्यांवर गोधडीसारखी जाड रजई घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या डावात त्यांनी काही न बोलता अर्धी रजई माझ्या पायांवर टाकली. कॅल्युमेटने गोल केला तशा त्या ताडकन उठल्या, रजई ओढली गेली, आणि आम्ही दोघंही उभे राहून ओरडत होतो.